संगणकाचा बंब

माझ्या भाच्याचा संगणक उन्हाळ्यात भर दुपारी न सांगता बंद पडत असे, आणि त्याचे हे बंद पडणे सबंध इमारतीस तत्काळ कळत असे. कारण चालू असेपर्यंत त्याच्या पोटातील पंखा जो घोष करी त्यात आत्याबाईंचा हरिपाठ, आकाशवाणीवरील बातम्या आणि माझे दूरध्वनीवरील संभाषण ही तिन्ही बुडून जात, व तो घोष एकाएकी थांबला म्हणजे पसरणाऱ्या शांततेने दचकून शेजारीपाजारी ‘वीज गेली काय?’ असे विचारीत गॅलरीत येत. हा भाचा आमच्याकडे शिक्षणासाठी आला आणि शिक्षण संपल्यावरही राहिला. अद्याप न बांधलेल्या इमारतींची चित्रे बांधकामवाल्यांना काढून देणे हा त्याचा व्यवसाय. ज्या इमारतीचा पाया खणण्याची परवानगीही अजून मिळालेली नाही, तिच्या नवव्या मजल्यावरील कुंडीतल्या जास्वंदीची सावली सायंकाळी साडेपाच वाजता नेमकी कोठे पडेल याचा हिशेब हा संगणक तासन्‌तास करीत बसतो, आणि या परोपकारी चिंतनात त्याचे डोके, म्हणजे प्रोसेसर, ९० अंशांवर गेले की आधी तो रेंगाळतो व मग मान टाकतो.

कोषागारात लेखापाल म्हणून हयात घालवल्यामुळे मुदतीपूर्वी बंद पडणारी कोणतीही गोष्ट मला खपत नाही. यास्तव मी घरातील सर्व मंडळींचे जाबजबाब घेतले. सौभाग्यवतींनी ओला पंचा पिळून संगणकावर टाकण्याचा उपाय सुचवला, आत्याबाईंनी वाळ्याचा पडदा सांगितला, आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले शेजारचे उपअभियंता, ज्यांना आम्ही त्यांच्या तोंडावर ‘साहेब’ व मागे ‘जलाशय’ म्हणतो, त्यांनी त्या खोलीची पश्चिमेकडील भिंतच पाडावी असा अभिप्राय दिला. भाचा मात्र म्हणाला, “मामा, याला वॉटर कूलिंग पाहिजे.”

विजेवर चालणाऱ्या यंत्रात पाणी सोडायचे, ही कल्पना ऐकून आत्याबाईंनी देवाला हात जोडले. त्यांची समजूत काढण्यासाठी भाच्याने इतिहासाचा आधार घेतला : आय.बी.एम. कंपनीने १९६० च्या दशकातच आपल्या मोठ्या संगणकांत पाणी खेळवले होते, आणि १९८५ सालचा क्रे-२ हा महासंगणक तर अंगाखांद्यासह एका विद्युत्‌निरोधक द्रवात बुडवूनच ठेवलेला असे. “मग हाही बुडवा म्हणजे झालं,” आत्याबाई म्हणाल्या. आणि त्या सूचनेतील द्रवाचा भाग कोणता व संगणकाविषयीच्या वैराचा कोणता, हे आजतागायत निश्चित झालेले नाही.

असे जलशीतक तयारही मिळतात. भाच्याने त्याची किंमत सांगितली. ती मी त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतली, कारण निवृत्तिवेतनधारकाने अशा बाबतीत पहिल्या खेपेस आपल्या कानांवर विसंबून राहू नये. “एवढ्या पैशांत मी घरी दोन करीन,” मी म्हणालो. हे वाक्य मराठी मध्यमवर्गातील कर्त्या पुरुषाने आजवर शिकेकाईच्या साबणापासून पुस्तकांच्या कपाटापर्यंत प्रत्येक वस्तूविषयी उच्चारलेले आहे, आणि त्या दोनांपैकी पहिली वस्तूही पुरी झाल्याचे उदाहरण निदान माझ्या आप्तांत तरी उपलब्ध नाही.

आराखडा मी हिशेबाच्या आखीव कागदावर, तीन प्रतींत तयार केला. तत्त्व सोपे आहे. प्रोसेसरवर ४० मिलिमीटर चौरसाचे धातूचे झाकण असते. त्यातून छापील हिशेबाने १०५ आणि ऐन भरात १४० वॅट उष्णता बाहेर पडते. त्या झाकणावर धातूचा पोकळ ठोकळा घट्ट बसवायचा, त्याच्या पोटातून पाणी फिरवायचे आणि ते पाणी दुसरीकडे नेऊन निववायचे. तेवढ्याच घनफळाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेते, हे कळल्यावर तर पंख्याविषयी माझ्या मनात उरलासुरला आदरही राहिला नाही. प्रश्न धातूचा होता. भाच्याने उष्णतावहनाचे कोष्टक वाचून दाखवले : पितळ सुमारे ११०, ॲल्युमिनियम २३७, तांबे ४००, चांदी ४३०. शेवटचा आकडा कानी पडताच माझी दृष्टी सहज देवघराकडे वळली असेल नसेल, तोच आत्याबाईंनी निरांजने, तबक आणि खुद्द बाळकृष्ण उचलून कपाटात घातले व किल्ली कनवटीस लावली. अर्थात ठोकळा तांब्याचा करण्याचे ठरले.

परंतु धातूपेक्षाही अवघड अडचण पाण्याच्या स्वभावात असते. वाहत्या पाण्याचा जो थर भिंतीला लागून असतो, तो सरकारी कचेरीतील जुन्या कारकुनाप्रमाणे जागचा हलत नाही, आणि वरून लगबगीने जाणाऱ्या पाण्याच्या हाती उष्णतेचे प्रकरण लवकर पडू देत नाही. त्याला उठवण्यास दोनच मार्ग आहेत : तळाला बारीक खाचा पाडून भिंती वाढवायच्या, म्हणजे एकाचे काम अनेकांत वाटले जाते, आणि पाण्याची धार आडवी न सोडता ऐन मध्यावर, थेट त्याच्या डोक्यावर सोडायची. तयार ठोकळ्यांत या खाचा अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतात. माझ्या आराखड्यात त्या हॅकसॉच्या पात्याने पडणाऱ्या चिरेएवढ्या, म्हणजे मिलिमीटरभर होत्या, कारण घरात हॅकसॉ होता.

तांब्यासाठी आम्ही कसबा पेठेतील तांबट आळीत गेलो. तेथे अद्याप तांबे ठोकण्याचा आवाज येतो, आणि त्या आवाजात बोलण्याची सवय असलेले एक वृद्ध तांबट आराखडा हातात घेऊन, तो आधी उलटा व मग सुलटा पाहून म्हणाले, “काका, हा बंब आहे.”

“बंब नव्हे, मालक. हे संगणकासाठी आहे.”

“खाली विस्तव, मध्ये तांबं, वर पाणी. बंबच. पाणी तापवायचंय ना?”

“पाणी तापवायचं नाही. विस्तव निववायचाय.”

“मग तेच की!” तांबट म्हणाले, आणि एवढ्या लहान बंबात कोणाची आंघोळ होणार म्हणून त्यांनी माझ्याकडे अत्यंत कनवाळू दृष्टीने पाहिले. भाच्याने त्यांस ऊर्जेच्या स्थानांतराविषयी चार शब्द सुनावण्याचा प्रयत्न केला. पण ज्यांच्या वाडवडिलांनी पेशवाईपासून या शहरास ऊन पाण्याचा पुरवठा केला, त्यांना उष्णता तांब्यातून कशी जाते हे सांगणे मला काहीसे आगाऊपणाचे वाटले.

वायद्याप्रमाणे, म्हणजे वायदा उलटून गेल्यावर, ५० मिलिमीटर चौरस व १० मिलिमीटर जाड असा तांब्याचा तुकडा आमच्या हाती आला. तो अप्रतिम होता. त्याच्या तळावर एकसारख्या, चंद्रकळेच्या बुट्ट्यांसारख्या नाजूक ठोक्यांची नक्षी उठवलेली होती. “मठार फुकट दिला, काका,” तांबट म्हणाले, “नुसता सपाट तुकडा देताना बरं दिसेना.” प्रोसेसरला चिकटणारा जो पृष्ठभाग आरशाइतका सपाट हवा, नेमका तोच त्यांनी घरच्या जावयाच्या घंगाळासारखा मठारला होता. भाच्याचा चेहरा पडला. मी पैसे दिले व आभार मानले. दुसरे काय करणार?

यानंतर लेदमशीनच्या कारखान्यात आमची गाठ एका स्पष्टवक्त्या कारागिराशी पडली. शुद्ध तांबे मऊ, म्हणून ते कापायला सोपे, असा माझा समज होता. त्याच्या सांगण्यावरून ते चिकट असून हत्याराला धरून बसते. हे त्याने सांगितले, आणि पाव इंची आटे पाडताना टॅप आतच मोडून दाखवलेही. मोडलेला टॅप तांब्यातून काढण्याचा खर्च, नव्या टॅपचा खर्च आणि त्याच्या मनस्तापाची भरपाई अशी तीन कलमे असलेले बिल त्याने दिले. तिसरे कलम नियमात बसत नसल्याचा शेरा मारून मी ते मंजूर केले.

मग तळ सपाट करण्याचे काम. सपाट काच घ्यावी, तीवर पाण्याचा पॉलिश पेपर अंथरावा आणि ठोकळा आठाच्या आकड्यात घासत राहावे. पेपर ४०० नंबरापासून चढत चढत २००० पर्यंत न्यावा. आमच्या घरात खात्रीने सपाट अशी एकच काच होती, ती जेवणाच्या टेबलावरची. त्यामुळे घरातील जेवणे काही काळ जमिनीवर झाली, आणि आत्याबाईंना वाटले की मला अखेर धर्माचे वळण लागले. मी घाशीत असे आणि भाचा पोलादी पट्टी तळावर आडवी धरून, डोळा बारीक करून फटीतून उजेड येतो का ते पाही. उजेड येई. “मठार खोल आहे, मामा,” तो म्हणे. शेवटी जेव्हा तळात माझा चेहरा दिसू लागला, तेव्हा सौभाग्यवती जवळ येऊन म्हणाल्या, “माझ्या रुखवतातली भांडी सगळी मिळूनसुद्धा तुम्ही एवढी कधी घासली नाहीत.” रुखवतातील एकही भांडे मी कधी घासल्याचे मला स्मरत नसल्यामुळे या विधानास हरकत घेता आली नाही.

ठोकळ्याचे झाकण पारदर्शक ॲक्रिलिकचे हवे होते, व ते नावाच्या पाट्या करणाऱ्याकडे मिळते. 

“पाटीवर मजकूर काय?” त्याने विचारले.

“मजकूर नाही.”

“मग पाटी कशाला?”

झाकण व तांबे यांच्यामध्ये रबराची कडी लागते. तिची तजवीज भाच्याने परस्पर केली, आणि त्या दिवशी डाळ का शिजत नाही, कुकरच्या झाकणाशेजारून वाफेचा फवारा का निघतो, याचा तपास स्वयंपाकघरात सुरू होऊन तो माझ्यापर्यंत येण्यापूर्वी मी रेडिएटर आणण्यासाठी जुन्या बाजारात निघून गेलो. तेथे बुधवारी व रविवारी मोटारींचे सर्व अवयव भेटतात. आम्हांस मोटारीतील हीटरची लहान जाळी हवी होती, आणि तीही तांब्या-पितळेचीच; कारण एकाच पाण्यात तांबे आणि ॲल्युमिनियम आले की त्यांची विद्युत्‌घटमाला तयार होते व त्या व्यवहारात ॲल्युमिनियम हळूहळू खाल्ले जाते. विक्रेत्याने विचारले, “गाडी कुठली?” “गाडी नाही,” मी म्हणालो. त्याने जाळी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि गाडी नसलेल्या माणसाकडून घ्यावी तेवढी किंमत घेतली.

डेझर्ट कूलरमधला १८ वॅटचा पंप, १५ लिटरची बादली, पारदर्शक नळ्या आणि बॅटरीत घालावयाचे डिस्टिल्ड पाणी जमवून आम्ही जुळणी केली, तेव्हा ते पाहण्यास जी मंडळी जमली त्यांत ‘साहेब’ अर्थातच अग्रस्थानी होते. पाणी कोठूनही कोठेही जात असले तरी ते आपल्या अधिकारकक्षेत येते, अशी पाटबंधारे खात्यातील मंडळींची निवृत्तीनंतरही भावना असते.

“विसर्ग किती ठेवलाय?” त्यांनी पृच्छा केली.

“मिनिटाला दोन लिटर,” भाचा म्हणाला.

“क्युसेकमध्ये सांगा.”

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, त्या मानाने आमचा प्रवाह दशांशचिन्हानंतर दोन शून्ये ओलांडून जेमतेम दिसू लागतो. साहेब हसले. “हा विसर्ग नव्हे,” ते म्हणाले, “आमच्या खात्यात याला झिरपा म्हणतात.”

संगणकावर चढवण्यापूर्वी सर्व साहित्य मोकळेच चालवून, सांध्यांखाली टिपकागद ठेवून, एक अहोरात्र गळती तपासावी असा शिरस्ता आहे, व तो आम्ही पाळला. कागद भिजला. कुकरच्या कडीने आमच्याही बाबतीत आपला धर्म सोडला नव्हता. गळतीची वार्ता कळताच साहेबांनी १२ जुलै १९६१ ची, म्हणजे पानशेतचे धरण फुटले त्या दिवसाची, साद्यंत हकीकत सांगितली, आणि आमच्या बादलीस सांडवा का ठेवला नाही याचा लेखी खुलासा मागितला. दरम्यान आत्याबाईंनी, तांब्यातून खेळलेले पाणी म्हणजे तीर्थच, अशा श्रद्धेने बादलीत तुळशीची पाने टाकली होती. ती पंपात अडकून विसर्ग पूर्णतः बंद झाला, आणि त्यांनी फुलपात्र भरून तोंडास लावण्यापूर्वी ते काढून घेण्याचे अप्रिय कर्तव्य मला बजावावे लागले. “बॅटरीतलं पाणी आहे ते!” मी ओरडलो. “तरीच गळ्यातून ऊन गेलं,” त्या म्हणाल्या. वास्तविक त्यांनी ते घेतलेलेच नव्हते.

रीतसर बाजारातून आणलेली कडी बसवून अखेर ठोकळा प्रोसेसरवर चढला. भाच्याने एका गृहसंकुलाचे चित्र काढायला लावले, पंप घुमू लागला, आणि मी परतीच्या नळीखाली बोट धरून, कढत पाण्याचा चटका बसेल या अपेक्षेने डोळे मिटून उभा राहिलो. काहीच वाटले नाही. नळीतून गेलेले आणि नळीतून आलेले पाणी सारखेच होते. मी भाच्याकडे रोखून पाहिले. त्याने कागदावर गुणाकार करून दाखवला की मिनिटाला दोन लिटर या वेगाने वाहणारे पाणी १४० वॅट उचलून नेताना स्वतः अवघे एक अंश तापते. इतक्या खटाटोपानंतर एक अंश! आमच्या कोषागारात एवढ्या फरकाची रुजवातसुद्धा घेत नसत. तथापि पडद्यावर प्रोसेसरचा आकडा ६८ वर स्थिर होता, आणि खोलीचे तपमान तेव्हा ३९ होते.

“म्हणजे पाणी ३९ च्या खाली येणारच नाही का?” सौभाग्यवतींनी विचारले.

“नाही मामी. रेडिएटर खोलीतल्या हवेपेक्षा गार करू शकत नाही,” भाचा म्हणाला.

“मग माठातलं कसं होतं?”

यावर भाचा प्रथमच निरुत्तर झाला, आणि बऱ्याच वेळाने म्हणाला की माठाच्या अंगावरून एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते, हिशेबी भाषेत १०० वॅटचा साडेसहा तासांहून अधिक काळचा भार. आणि मामींचा माठ मिळाला तर प्रयोग करता येईल. प्रश्न विचारणे वेगळे आणि माठ देणे वेगळे, असे त्यास सांगण्यात आले.

पंख्याचा घोष थांबला; संगणक बंद पडेनासा झाला. येथे माझी खरी विपत्ती सुरू झाली. आपण केलेली वस्तू दुसऱ्याने पाहावी, यासाठीच माणूस ती करतो; परंतु शीतकरण ही अशी एक विद्या आहे की ती यशस्वी झाली म्हणजे पाहण्यासारखे काही उरत नाही. मी पाहुण्यांना आग्रहाने त्या खोलीत नेई, ते संगणकास हात लावीत आणि म्हणत, “गारच तर आहे! मग गार कशासाठी केलात?” पूर्वी तो तापे, तेव्हा निदान त्याची चौकशी तरी होत असे. एका व्याह्यांनी बादलीत डोकावून मासे कोठे आहेत असे विचारले. खर्चाचा ताळेबंद पाहण्याची इच्छा अनेकांनी दर्शवली. ते दप्तर लेखापरीक्षणासाठी प्रलंबित असल्याने दाखवता येत नाही.

अशा उदास अवस्थेत असताना मार्गशीर्ष उजाडला, गिझर बिघडला, आणि मला एकाएकी तांबट आठवले. मी रेडिएटर काढून टाकला व बादलीत नळाचे पाणी भरले. क्षार साठेल, अशी भाच्याने हरकत घेतली. ती नोंदवून दप्तरी दाखल करण्यात आली. २० अंशांचे १५ लिटर पाणी १४० वॅटवर, वाटेतील घट सोडून देता, सुमारे अडीच तासांत ४० अंशांवर येते, आणि हा हिशेब करणारा पहिला मीच असे मुळीच नव्हे. झुरिचच्या तंत्रविद्यापीठात आय.बी.एम. कंपनीने २०१० साली बसवलेल्या ‘ॲक्वासार’ नामक महासंगणकात ६० अंशांपर्यंतचे ऊन पाणी खेळवीत, आणि त्यातील उष्णता विद्यापीठाच्या इमारती उबदार ठेवण्यास वापरीत. कसबा पेठेत हे आराखडा पाहताक्षणी, तोंडातील पान बाजूस सारून, सांगण्यात आले होते.

तेव्हापासून आमच्या घरी आंघोळीचा बंदोबस्त भाच्याच्या व्यवसायाशी जोडलेला आहे. साध्या दिवाणखान्याच्या चित्रात माझे स्नान उरकते. सौभाग्यवतींना गॅलरीसह तीन खोल्यांचा फ्लॅट लागतो. आत्याबाईंना पाणी कढत हवे असल्यामुळे त्यांच्या वाटणीस पोहण्याच्या तलावाचा बंगला ठेवावा लागतो, कारण तलावातील पाण्यावर उन्हाच्या तिरिपी उमटवताना संगणक सर्वांत अधिक वेळ घेतो. बादलीत हात घालण्यापूर्वी पंपाचा प्लग काढलाच पाहिजे, असा हुकूम न्हाणीघराच्या दारावर डकवलेला आहे. साहेबांनी पाळीपत्रक आखून दिले असून टोकाच्या लाभधारकास आधी पाणी, या त्यांच्या खात्याच्या तत्त्वानुसार माझा क्रमांक शेवटचा लागतो. आणि नेमक्या त्याच सुमारास भाच्याजवळचे काम संपलेले असते. बांधकामाच्या धंद्यात मंदी आहे, असे लोक वर्तमानपत्रांत वाचतात. मला ते पहिल्या तांब्यालाच कळते.

सबब वाचकांपैकी कोणास न बांधलेल्या इमारतीचे चित्र काढून हवे असल्यास त्यांनी कृपा करून कळवावे. दर माफक आहेत. काम पहाटे चार ते साडेसहा या वेळातच होईल, आणि पौष अखेरपर्यंत पोहण्याच्या तलावाचे वेगळे पैसे पडणार नाहीत.